भर पावसाळ्यात सुकणारी तुळस

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या घरी खिडकीच्या ग्रिलमध्ये गेल्या तुळशीच्या लग्नाला आणलेली तुळस आहे. जुलैपासून तिची खालची पाने पिवळी पडून गळत आहेत आणि शेंडे मान टाकत आहेत. रोज पूजेनंतर तांब्याभर पाणी घालतो, दोनदा शेणखतही दिले, तरी फरक नाही. ती वाचेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : शेंड्यांनी मान टाकली की रोपाला तहान लागली असे वाटून आपला हात तांब्याकडे जातो, परंतु माती ओली असताना तुळस सुकत असेल, तर बहुधा तिची मुळे कुजत असतात, आणि कुजलेले मूळ कुंडीत कितीही पाणी असले तरी ते वर पोचवू शकत नाही. अशा वेळी खताचाही उपयोग होत नाही, म्हणून ते तूर्त बंदच करावे.

प्रथम खोडाची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवी दिसली तर आशा आहे. अगदी बुंध्यापर्यंत तपकिरी आणि कोरडी निघाली, तर पुढची खटपट न करता वाळलेल्या मंजिऱ्या चुरडून त्यांचे बी नव्या मातीवर भुरभुरावे.

साल हिरवी असल्यास रोप कुंडीतून बाहेर काढावे. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती अनेकदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो, आणि कुंडीतली बाकीची माती कितीही चांगली असली तरी तो पावसात दिवसेंदिवस ओलाच राहतो. हा गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवून बोटांनी हळूहळू सोडवावा. पांढरी, टणक मुळे राखावीत. दाबताच साल निसटणारी, कुबट वासाची तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. जेवढी मुळे गेली, त्या मानाने वरच्या फांद्याही छाटाव्यात आणि मंजिऱ्या तर सगळ्याच खुडाव्यात.

दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड रेती हे मिश्रण पुरेसे आहे. चौपाटीची वाळू मात्र आणू नये, ती खारट असते. त्यापेक्षा विटांचा चुरा बरा. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरी ठेवावी आणि खालची ताटली पावसाळाभर काढूनच टाकावी, डासांच्या दृष्टीनेही ते इष्ट. रोप चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग उन्हात न्यावे. शेजारी एसीचे बाहेरचे यंत्र गरम हवा फेकत असेल, तर जागा बदलावी.

पूजेचा विषय नाजूक आहे. आमच्या घरी तुळशीला पळीभरच पाणी घालतात आणि तांब्यातले उरलेले शेजारच्या अळूला देतात. अळूला ते मानवते. हळदकुंकू मातीत न टाकता कुंडीच्या काठाला लावावे, दूध मातीत ओतू नये. एरवी बोट पेरभर खुपसून माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे.

छाटलेल्या फांद्यांतले मंजिरी नसलेले, वीतभर लांबीचे दोन-तीन निरोगी शेंडे खालची पाने काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवावेत आणि पाणी दिवसाआड बदलावे. साधारण पंधरवड्यात मुळे फुटतात. जुने रोप दगावलेच, तरी कार्तिकात लग्नाला तिचीच लेक उभी राहील.