गणित कच्चं असेल तर उपयोजित सामाजिक संशोधनात एमए करावं का?

तुम्ही लिहिलंय की बीए समाजशास्त्र झालंय, हा कोर्स करायचाय, पण गणित कच्चं आहे म्हणून धीर होत नाही. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण मी स्वतः पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात गचकले होते, रिपीट देऊन सुटले. काही बिघडलं नाही. आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, एसपीएसएस नावाचं १९६८ पासून आहे, आर नावाचं तर फुकट आहे, बटणं कुणीही दाबतं. माझी वाट लागली ती गणिताने नाही, एका 'आणि'ने लागली.

डिझर्टेशनचा विषय होता आरोग्य केंद्रात येणाऱ्या लोकांचं समाधान. प्रश्नावलीतलं सातवं वाक्य होतं, 'केंद्रात सेवा वेळेवर आणि चांगली मिळते'. पुढे पाच चौकोन, पूर्ण असहमतपासून पूर्ण सहमतपर्यंत, लायकर्ट नावाच्या संशोधकाची १९३२ पासूनची तीच शिडी. मी गाईडना म्हटलं आधी दहाबारा जणांवर पायलट, म्हणजे प्रश्नावलीची चाचणी, करून बघू का, तर म्हणाले वेळ कुठंय, आणि आधीच्या दोन बॅचनी हीच वापरलीय. झालं, क्लिपबोर्ड घेऊन निघाले.

तिसऱ्या दिवशी एक आजी भेटल्या, चपला काढून बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या. सातवं वाक्य वाचून दाखवलं. म्हणाल्या, "वेळेवर मिळते गं, दार उघडायच्या आधी बाई येऊन बसलेली असते. पण चांगली कुठली, मान वर करून बघत नाही कुणी." मी म्हटलं, आजी, मग सहमत का असहमत? "अगं दोन विचारलेस, दोन सांगितली. चौकोन तुझा कमी पडतोय."

मी गुपचूप तीनवर टिक केली. तटस्थ! दिवसभरात त्यांच्याइतकं ठाम बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नव्हतं. घरी येऊन आधीचे फॉर्म चाळले तर सातव्याला तिनांची रांगच लागलेली, आणि त्या सगळ्या टिका मीच केलेल्या.

गाईडकडे गेले तर म्हणाले ते किस्से सोड, अल्फा बघ. अल्फा आला ०.८७, एकाच्या जवळ म्हणून सर खूश. आता क्रॉनबाखचा अल्फा काय सांगतो, तर तुमची वाक्यं एकमेकांबरोबर हलतात की नाही एवढंच. ती मोजायचं तेच मोजतायत का, हे तो सांगत नाही. सगळी वाक्यं एकाच बाजूने लिहिलेली असतील तर प्रत्येकाला मान डोलावणारी माणसं अल्फा वाढवतातच. हे मी तेव्हा बोलू शकले नाही, कारण मला तेव्हा ते माहीतच नव्हतं. वर सर म्हणाले सॅम्पल २४० चं ३८४ कर. तो सॅम्पल किती घ्यायचं ते सांगणाऱ्या क्रेज्सी-मॉर्गनच्या १९७० च्या तक्त्यातला शेवटचा आकडा, रँडम म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या सॅम्पलसाठीचा, बाकावर जो सापडेल त्याला पकडायचं यासाठी नाही. आणि नुसत्या संख्येने भागत असतं तर १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या मासिकाचं हसं झालं नसतं, कुणाला मत देणार विचारायला १ कोटी कार्डं पाठवली, २० लाखांच्या वर परत आली, तरी रूझवेल्ट हरणार म्हणून छापलं. तरी मी मुकाट्याने अजून १४४ फॉर्म भरून आणले.

व्हायवाला एक्सटर्नलनी पहिलाच प्रश्न टाकला, "इतकी तटस्थ माणसं तुम्हाला सापडली कुठे?" मी सरांकडे बघितलं, सर पंख्याकडे. मग म्हणाले, फिल्डवर्क विद्यार्थिनीने केलंय.

तर कोर्स निवडताना गणिताचं नंतर बघा, आधी तिथल्या सीनियर्सना विचारा की पायलट करू देतात का, मुलाखती घ्यायला खरंच शिकवतात की दोन लेक्चरमध्ये गुंडाळतात. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चारपाच तास सहज जातात, कंटाळा येतो, पण माणसं काय बोलतात ते तिथेच कळतं. मी आता मूल्यमापनाचं काम करते, ज्युनियरने प्रश्नावली आणली की आधी बाहेरच्या पाचसात जणांना वाचून दाखवायला लावते, आणि उत्तर नाही विचारायचं, तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं ते विचारायचं. निम्मे प्रश्न तिथेच पडतात. आणि ज्यांना मुलाखती म्हणजे गप्पा वाटतात त्यांनी एकदा अशी आजी समोर बसवून बघावी.

हां, गणित सोडूनच द्या असं म्हणत नाहीये. रिग्रेशनचं, म्हणजे कशाचा कशाशी किती संबंध ते दाखवणारं टेबल वाचता यायलाच हवं, सॅम्पलिंग कळायलाच हवं, नाहीतर कुणीतरी अल्फा दाखवून तुम्हालाही गप्प बसवेल, मला बसवलं तसं. आणि नोकरीचं म्हणाल तर प्रोजेक्टवर असते, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधा, हेही धरून चाला. दारोदार फिरायचा कंटाळा असेल तर मात्र नकाच घेऊ.

परवा मी जिथे एमए केलं तिथल्या एका ज्युनियरने सध्याची प्रश्नावली पाठवली. सातवं वाक्य तसंच आहे, 'आणि'सकट. सर, वाचत असाल तर निदान तेवढं एक तोडून दोन करा, फार तर एक ओळ वाढेल.