जर्मनीत भाड्याचं घर: चावी हातात येईपर्यंत पैसे पाठवू नका

प्रश्न: ताई नमस्कार, माझ्या मुलाला स्टुटगार्टला नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात निघायचंय. ऑनलाइन एक फर्निश्ड फ्लॅट दिसला, अगदी शहराच्या मधोमध, भाडं आजूबाजूच्या निम्मं. मालक म्हणतो मी लंडनला असतो, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं पाठवा, चावी कुरियरने येईल. पासपोर्टची कॉपीपण मागतोय. मुलगा म्हणतो तिकडे घरंच मिळत नाहीत, देऊन टाकू. द्यावेत का?
– एक आई, नाशिक

उत्तर: नको, अजिबात नको, आणि पासपोर्टची कॉपी अजून गेली नसेल तर तीपण पाठवू नका, कारण तीच कॉपी दाखवून पुढच्या माणसाला गंडवतात. मालक परदेशात, चावी कुरियरने, भाडं निम्मं, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे आणि नवीन येणारी आपली मुलं घाईत असतात म्हणूनच त्यात सापडतात. घर कोणीतरी प्रत्यक्ष बघितलेलं नाही, करारावर सह्या नाहीत, चावी हातात नाही, तोवर एक युरो पाठवायचा नाही.

मुलाची घाई मला कळते, स्टुटगार्ट म्युनिकला घरासाठी खरंच रांगा लागतात. म्हणून पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड टेम्पररी घर घ्या, कंपनीच्या एचआरला विचारा, बऱ्याचदा ते मदत करतात. फक्त बुक करायच्या आधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या, की या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येईल का. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ते नसेल तर नोंदणी अडते, नोंदणी अडली की टॅक्स नंबर अडतो, आणि पगारातून टॅक्स जास्त कापला जाऊ शकतो. तो नंबर पोस्टाने येतो, तेव्हा लेटरबॉक्सवर मुलाचं आडनाव लावायला सांगा, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

मग तिथे राहून शांतपणे कायमचं घर शोधू दे. नोकरीचा करार, सॅलरी स्लिपा, शूफा म्हणजे तिकडचा क्रेडिट रिपोर्ट, सगळं एका फाइलमध्ये तयार ठेवायचं. जाहिरातीत कोल्ड रेंट म्हणजे नुसतं घरभाडं आणि वॉर्म रेंट असे दोन आकडे असतात, वॉर्ममध्ये सहसा हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं पण घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं, शिवाय प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो रेडिओ-टीव्हीची फी, टीव्ही नसला तरी. आणि किचन आहे का ते विचाराच, तिकडे कितीतरी घरं ओटा-कपाटांशिवाय रिकामी मिळतात.

डिपॉझिटचा कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूचा आहे, तो पाठ असू दे. जास्तीत जास्त तीन महिन्यांचं कोल्ड रेंट, त्याहून जास्त नाही, आणि तेही तीन सारख्या मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. एजंट मालकाने नेमला असेल तर त्याची फी मालकानेच द्यायची, 2015 पासून तसा नियमच आहे.

प्रश्न: आम्ही फ्रँकफर्टचं घर सोडतोय. मालकीणबाई म्हणतात भिंतीला बुरशी आलीय ती तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेने, त्यामुळे डिपॉझिट विसरा. मित्र म्हणतो शेवटच्या महिन्यांचं भाडंच देऊ नकोस, डिपॉझिटमधून वळतं होईल.
– एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर: मित्राचं ऐकू नका, भाडं वेळेवर देत रहा, थकवलं तर चूक तुमच्याच पदरात पडेल. बुरशी खिडक्या न उघडल्यानेही येते आणि भिंतीतून ओल येऊनही येते, कारण ठरल्याशिवाय सगळं डिपॉझिट दाबून ठेवता येत नाही, नेमकं काय नुकसान आणि किती खर्च ते त्यांनी सांगायला हवं. रोजच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. बुरशीचे फोटो आत्ताच काढा, आधी कळवलं नसेल तर आज लेखी कळवा, आणि शहरातल्या भाडेकरू संघटनेचे, म्हणजे मीटरफेराइनचे मेंबर व्हा, वर्षाची फी वकिलापेक्षा खूपच कमी असते आणि तुमच्या वतीने ते पत्रही लिहितात.

नोटीस दिली नसेल तर ईमेल चालत नाही, कागदावर सही करून द्यायची, मुदत साधारण तीन महिन्यांची, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना धरतात. चावी देताना प्रत्येक खोलीची स्थिती आणि मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या, न पटणारं काही लिहिलं असेल तर सही करू नका. हीटिंग-पाण्याच्या वर्षाच्या हिशोबासाठी मालकीणबाई डिपॉझिटमधली थोडी रक्कम काही महिने ठेवू शकतात, तेवढं मान्य करा. भारतात परत येणार असाल तर तिकडचं बँक अकाउंट पैसे येईपर्यंत बंद करू नका.