लघवीत पस सेल्स भरपूर, पण कल्चर दर वेळी निगेटिव्ह. आईला नेमकं काय झालं असेल?

सात महिने जळजळ, रिपोर्टमध्ये पस सेल्स, कल्चरला (जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढलेच नाहीत, आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स, असं तुम्ही लिहिलंय. वाचताना माझ्या ताईचीच फाईल उघडल्यासारखं वाटलं. मी डॉक्टर नाही, पण तिच्यासोबत दीड वर्ष दवाखाने पालथे घातलेत.

तिला शेवटी किडनीचा टीबी निघाला. ना खोकला, ना ताप, छातीचा एक्स-रे स्वच्छ, मग कुणाला संशय येणार? नेहमीच्या कल्चरमध्ये हा जंतू वाढतच नाही. त्यात तिला दर वेळी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळायचं आणि ते टीबीच्या जंतूलाही काही काळ दाबून ठेवतं. आठ-दहा दिवस बरं वाटायचं, की पुन्हा रात्री सात-आठ वेळा उठणं सुरू. त्या बरं वाटण्यानेच आमचा घात केला. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली दिसली, तोवर मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) आक्रसली होती. आणि कंबर एकदाही दुखली नव्हती!

युरॉलॉजिस्टना सरळ विचारा, टीबीसाठी लघवी तपासायची का? सकाळची पहिली लघवी लागते, तीही सलग तीन दिवस, कारण जंतू रोज सापडतीलच असं नाही. सीबीनॅटचा (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) रिपोर्ट लवकर येतो, टीबीच्या कल्चरला सहा आठवडेही लागतात. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी विषय तिथेच सोडू नका. सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) झालं नसेल तर या आठवड्यातच करून घ्या. खडा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर असला तरी रिपोर्ट असाच दिसू शकतो, म्हणून लघवीतून रक्त जात असेल तर दुर्बिणीच्या तपासणीबद्दलही बोला. चौथा कोर्स मनाने सुरू करू नका. मात्र थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचार सुरू झाल्यावर जखम भरताना मूत्रवाहिनी आणखी आक्रसू शकते, म्हणून ताईला स्टेंट, म्हणजे ती वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला. गोळ्या सहा महिने चालल्या, सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाल्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि रक्तच आहे असं वाटून ती बाथरूमच्या दारात रडत उभी राहिली. तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग असतो. आईंना ही औषधं सुरू झालीच, तर हे आधी सांगून ठेवा.