लढाऊ विमानात टॅब्लेट कशाला?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : युक्रेनच्या लढाऊ विमानाच्या एका चित्रफितीत वैमानिकासमोर साधा टॅब्लेट बसवलेला दिसतो. एवढ्या महागड्या विमानात स्वतःची उपकरणे असताना बाजारात मिळणारी वस्तू तिथे कशाला लागते, ती सुरक्षित असते का, आणि ऐन वेळी बंद पडली तर वैमानिक काय करतो?

मी वायुसेनेत इन्स्ट्रुमेंट फिटर, म्हणजे विमानातली उपकरणे बसवणारा-तपासणारा होतो. वैमानिक नव्हतो, हे आधीच सांगतो. कॉकपिटशी माझा संबंध विमान जमिनीवर उभे असतानाचा आहे. म्हणून टॅब्लेटवर काय दिसते यापेक्षा तो बसवायचा कुठे, धरून कोण ठेवणार आणि सुटला तर कुठे जाणार, हे प्रश्न मला आधी सुचतात. उत्तरातही त्यांनाच जास्त जागा मिळाली आहे.

सर्वांत साधे कारण कागद हे आहे. विमानतळांचे नकाशे, उतरण्याच्या पद्धती, विमानाची माहितीपुस्तिका, तपासण्यांच्या याद्या हे सगळे वैमानिकाला सोबत न्यावे लागते, आणि हवाई नकाशांतले बदल जगभर अठ्ठावीस दिवसांच्या ठरलेल्या चक्राने अमलात येतात. म्हणजे दर चार आठवड्यांनी कोणीतरी बसून जुनी पाने काढायची, नवी घालायची आणि शेवटी नोंदवहीत सही करायची. मालवाहू विमानाच्या बाबतीत हा कागद पिशव्यांच्या हिशेबाने मोजावा लागतो. अमेरिकी वायुसेनेच्या मालवाहू विभागाने मार्च २०१२ मध्ये कमाल १८,००० आयपॅड घेण्याचा सुमारे ९३.६ लाख डॉलरचा करार केला, तो मुख्यतः या पिशव्या विमानातून उतरवण्यासाठी. हिशेब केला तर एका नगाला साधारण ५२० डॉलर पडतात. विमानात कायमचा बसणारा एखादा छोटा प्रमाणित पडदा या किमतीत मिळण्याची कल्पनाही करता येत नाही.

आपल्या प्रश्नातील पहिल्या भागाचे उत्तर या ‘प्रमाणित’ शब्दातच आहे. विमानाच्या मूळ संगणकात नकाशाची एक नवी सोय घालायची असेल, तर ती सोय रडार, दिशादर्शन किंवा शस्त्रयंत्रणेच्या कामात कुठेही अडथळा आणत नाही हे सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी जमिनीवरच्या व हवेतल्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. त्यात वर्षे जातात. टॅब्लेट विमानाच्या यंत्रणेला जोडलेलाच नसेल, तर यातला बराचसा व्याप टळतो; तो विमानाच्या दृष्टीने पाहुणा असतो. अमेरिकी मरीन दलाच्या कोब्रा हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी अफगाणिस्तानात नेमके हेच केले. वस्तीतल्या प्रत्येक घराला क्रमांक दिलेले नकाशांचे गठ्ठे मांडीवर उलगडत, खाली अडकलेल्या सैनिकांना नेमके कोणते घर हवे आहे ते शोधणे फार वेळखाऊ होते. एकाने ते नकाशे स्वतःच्या आयपॅडमध्ये घातले, इतरांनी ते पाहिले, आणि अधिकृत खरेदी त्यानंतर झाली. माझ्या अनुभवात लष्करी वापरातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच खालून वर गेल्या आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

मालवाहू विमानात हे सोपे, कारण तिथे जागा असते, दोघे-तिघे जण असतात आणि सहसा विमान सरळ उडते. लढाऊ विमानात यांपैकी काहीच नसते. तिथे टॅब्लेट बहुधा मांडीवर, पट्ट्याने बांधलेल्या नीपॅडवर असतो. आयपॅड मिनीसारखे छोटे उपकरण सुमारे ३०० ग्रॅमचे, आवरण आणि पट्टा धरून अर्धा किलो समजा. विमान नऊ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट जोराच्या वळणात गेले की हाच अर्धा किलो साडेचार किलोंचा होतो. पट्टा ढिला असेल तर तो मांडीवरून सरकतो, आणि बऱ्याच विमानांत दोन मांड्यांच्या मध्येच नियंत्रणाची दांडी असते. इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात वैमानिक आसनासकट विमानाबाहेर पडतो तेव्हा, तर आसन गुरुत्वाकर्षणाच्या बारा-पंधरा पट, कधी त्याहूनही अधिक जोराने वर फेकले जाते आणि पाय मागे ओढून बांधले जातात. त्या क्षणी मांडीवरची कडक, कोपरे असलेली वस्तू कुठे आदळेल याचा विचार आधी करून, चाचणी घेऊनच ती मांडीवर बांधण्याची परवानगी मिळायला हवी.

उष्णतेचेही तसेच. आयपॅड वापरण्यासाठी निर्मात्याने दिलेली मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअसची आहे. मे महिन्यात राजस्थानातल्या धावपट्टीवर कॅनॉपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) बंद करून उभ्या असलेल्या विमानात काय होते, ते त्या आसनावर बसून काम केलेल्यालाच ठाऊक. धातूच्या कडेला उघडा हात लावता येत नाही. अशा वेळी टॅब्लेट ‘तापमान जास्त आहे’ एवढी सूचना दाखवून गप्प बसतो, आणि नेमके तेव्हाच उड्डाणापूर्वीची यादी हवी असते. शिवाय वैमानिकाच्या आगरोधक हातमोज्याला साधा काचेचा पडदा दाद देत नाही, त्यासाठी बोटाच्या टोकाला विद्युतवाहक धागा असलेले हातमोजे लागतात. पोलराइज्ड गॉगल घातला तर विशिष्ट कोनात पडदा काळाच दिसतो.

रात्रीची अडचण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. रात्री पाहण्याचे गॉगल क्षीण लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कित्येक पट वाढवून दाखवतात. म्हणून लष्करी कॉकपिटमधले दिवे मुद्दाम हिरवट ठेवतात आणि त्यांच्यावर प्रकाशाच्या गाळण्या (फिल्टर) बसवतात. साध्या टॅब्लेटचा प्रकाश अगदी तळाला नेला तरी तो गॉगलमध्ये झळाळतो आणि कॅनॉपीच्या आतल्या बाजूला त्याचे प्रतिबिंब पडते. त्यामुळे पडद्यावर चिकटवायची खास गाळणी लागते आणि ती बसवली की दिवसा रंग ओळखू येत नाहीत.

आता सुटलेल्या वस्तूंविषयी. आमच्या तळावर एकदा संध्याकाळी उड्डाणावरून परतलेल्या वैमानिकाने उतरताना सांगितले की नीपॅडची पेन्सिल सापडत नाही. पेन्सिल म्हणजे बोटभर लांबीची, दोन्ही बाजूंनी तासलेली. कॉकपिटमध्ये हरवलेली वस्तू सापडेपर्यंत फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, कोणी सही करत नाही, आणि ती सही होईपर्यंत विमान उडत नाही. आधी आम्ही टॉर्च आणि छोट्या आरशाने पाहिले, मग चुंबक लावलेली सळई फिरवली, जिचा लाकडी पेन्सिलीला काडीचाही उपयोग नाही हे माहीत असूनही, कारण ती यादीत होती. शेवटी शस्त्र विभागाची मंडळी बोलावून आसन बाहेर काढले. रात्री पावणेबाराला पेन्सिल सापडली ती उजव्या बाजूच्या एका दांडीच्या सांध्यालगत, जिथे ती आणखी दोन बोटे सरकली असती तर पुढच्या वैमानिकाची नियंत्रण-दांडी अर्ध्यावर अडली असती. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या कार्यक्रमातून ते विमान वगळावे लागले आणि त्याबद्दल आम्हीच बोलणी खाल्ली. एका पेन्सिलीची ही कथा. टॅब्लेट, त्याचा पट्टा, त्याची वायर, लेखणी आणि जादा बॅटरी यांचा हिशेब आपणच करून पाहा.

याहून गंभीर दाखले नोंदलेले आहेत. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटिश वायुसेनेचे व्हॉयेजर जातीचे विमान जवळपास दोनशे माणसे घेऊन अफगाणिस्तानकडे निघाले होते. काळ्या समुद्रावर असताना कॅप्टनचा कॅमेरा हातटेकू आणि बाजूची नियंत्रण-दांडी यांच्या मध्ये राहिला. कॅप्टनने आसन पुढे सरकवताच कॅमेऱ्याने दांडी पुढे दाबली आणि विमान अर्ध्या मिनिटाच्या आत सुमारे ४,४०० फूट खाली आले. सहवैमानिक त्या वेळी कॉकपिटबाहेर होता. माणसे छतावर आपटली, पण विमान सावरले आणि तुर्कस्तानात सुखरूप उतरले. २ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातल्या जलालाबादला अमेरिकेच्या सी-१३० जे या मालवाहू विमानाच्या नशिबी तेही नव्हते. उंच सामान चढवताना शेपटीचा भाग वर राहावा म्हणून नियंत्रणाच्या चाकापुढे रात्रीच्या गॉगलची कडक पेटी अडकवलेली होती. अंधारात ती काढायची राहिली, उड्डाण होताच विमानाचे नाक वर जात राहिले आणि ते कोसळले. विमानातले अकरा आणि जमिनीवरचे तीन जण गेले. दोन्ही प्रसंगांत टॅब्लेट नव्हता हे खरे, परंतु दांडीजवळ जागा शोधणारी प्रत्येक सुटी वस्तू मी याच रांगेत धरतो, आणि टॅब्लेटच्या धोक्यांत हा धोका मला ‘हॅकिंग’पेक्षा वरचा वाटतो.

गुप्ततेचा भागही आहेच. टॅब्लेटचा स्वतःचा जीपीएस नागरी संकेतावर चालतो. तो संकेत दाबणे किंवा फसवणे लष्करी संकेताच्या तुलनेत सोपे असते. म्हणून पडद्यावरचा निळा ठिपका पाहून शस्त्र सोडणे हा शहाणपणा नाही. आतले ॲप कोणी लिहिले, हेही पाहावे लागते. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या विशेष मोहिमा विभागाच्या अडीच-तीन हजार आयपॅडच्या खरेदीत मागवलेले एक वाचन-ॲप रशियन विकासकाचे असल्यावरून प्रश्न उपस्थित झाले, आणि थोड्याच दिवसांत ती खरेदी रद्द झाली. अमेरिकन एअरलाइन्सचा एप्रिल २०१५ मधला प्रसंग नागरी असला तरी इथे लागू पडतो. वॉशिंग्टनच्या विमानतळाचा एक नकाशा ॲपमध्ये दोनदा गेला, त्यामुळे अनेक वैमानिकांचे आयपॅड एकाच वेळी बंद पडले आणि विमाने जागच्या जागी थांबली. कागदाचे पान फाटते ते एकाच विमानातले.

आपण पाहिलेल्या चित्रफितीत मात्र टॅब्लेटचे काम वेगळे आहे. युक्रेनची मिग-२९ आणि सुखोई-२७ ही विमाने सोव्हिएत काळातली. पाश्चात्त्य क्षेपणास्त्राला विमानाकडून ठरावीक पद्धतीचे अंकीय संदेश लागतात. मिल-स्टँडर्ड-१५५३ या नावाने ओळखला जाणारा त्या संदेशांचा मार्ग १९७३ पासूनचा, सेकंदाला दहा लाख बिट वाहणारा, म्हणजे आजच्या मोबाइलपुढे अगदी संथ, पण सोव्हिएत विमानात तो नाहीच. क्षेपणास्त्र बोलते एक भाषा आणि विमान दुसरी. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने रडारवेधी क्षेपणास्त्रे दिल्याचे मान्य केले, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या खरेदी विभागाचे प्रमुख विल्यम लाप्लांट यांनी सांगितले की त्या विमानांवरची पाश्चात्त्य शस्त्रे वैमानिक मुळात आयपॅडवरून चालवतो. इथे पाहुण्याने घरच्या कारभारात हात घातला आहे. शांततेच्या काळात कोणत्याही वायुसेनेने याला परवानगी दिली नसती. युद्धात मात्र दुसरा पर्याय विमान रिकाम्या हाताने पाठवण्याचा होता, आणि तो हिशेब त्यांनी केला. ही क्षेपणास्त्रे आधी दिलेल्या ठिकाणाकडे जाऊ शकतात, त्यामुळे बरीचशी माहिती उड्डाणापूर्वी जमिनीवर भरून ठेवता येते, ही गोष्ट जमेची.

असा जुगाड फक्त त्यांनीच केला असेही नाही. पाडलेल्या रशियन सुखोई-३४ विमानांच्या पॅनेलवर चिकटपट्टीने लावलेले जीपीएस सापडल्याचे ब्रिटनचे तत्कालीन संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी मे २०२२ मध्ये सांगितले होते, तेव्हा त्यावर बरीच थट्टा झाली. मला हसू आले नाही. १९९९ मध्ये कारगिलला आपल्या मिग-२१ च्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस आणि स्टॉपवॉच यांच्या बळावर रात्रीची बॉम्बफेक केली होती, कारण विमानात त्या तोडीची दिशादर्शन यंत्रणा नव्हती.

राहिला शेवटचा प्रश्न, तो बंद पडला तर काय. मालवाहू विमानात दुसऱ्या वैमानिकाजवळ दुसरा टॅब्लेट असतो, शिवाय महत्त्वाच्या याद्या कागदावर असतात. लढाऊ विमानात बहुधा एकटा माणूस असतो. म्हणून टॅब्लेटच्या खाली, त्याच नीपॅडला, उड्डाणापूर्वी पेन्सिलीने भरलेले एक कार्ड अडकवलेले असावे. परत फिरण्याच्या इंधनाचा आकडा, जवळच्या पर्यायी धावपट्टीची दिशा आणि अंतर, दोन-तीन फ्रिक्वेन्सी आणि परतीची वेळ, एवढे त्यावर असले की वैमानिक घरी येऊ शकतो. पेन्सिल मात्र दोरीने बांधलेली असावी.