रिव्हॉल्व्हरच्या आधी आणि नंतर

प्रश्न : जुलै १९३१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही महिन्यांतच कलकत्त्यात बीना दास यांनी गव्हर्नरवर गोळ्या झाडल्या आणि पुढे त्यांनाच समाजकार्यासाठी पद्मश्री मिळाली, असे वाचले. हे मतपरिवर्तन कसे घडले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बीना दास यांचे आयुष्य रिव्हॉल्व्हरच्या आधीपासून पाहिले, तर त्यांच्या समाजकार्याचे तितकेसे नवल वाटत नाही. त्यांचे वडील बेनीमाधव दास हे सुभाषचंद्र बोस यांचे शिक्षक होते आणि आई सरलादेवी निराधार स्त्रियांसाठी ‘पुण्य आश्रम’ चालवीत असत; म्हणजे स्त्रियांना आसरा देण्याचे काम बीना यांनी लहानपणापासून घरातच पाहिले होते. थोरली बहीण कल्याणी ‘छात्री संघ’ या विद्यार्थिनींच्या संघटनेत अग्रभागी होती. बीना त्याच संघटनेतून क्रांतिकार्याकडे वळल्या आणि कमला दासगुप्ता यांनी त्यांना रिव्हॉल्व्हर मिळवून दिले.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना यांनी बंगालचे गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. कधीकाळी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार असलेले जॅक्सन बचावले. कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी बीना यांना पकडले आणि पुढे त्यांना नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. जॅक्सन या माणसाशी आपले वैयक्तिक वैर नाही, तो ज्या दडपशाहीचा प्रतिनिधी आहे तिच्यावर आपण हल्ला केला, असे त्यांनी न्यायालयात स्पष्टपणे सांगितले होते. विद्यापीठाने रोखून धरलेली त्यांची पदवी मात्र २०१२ मध्ये, मरणोत्तर दिली गेली. या दिरंगाईचे समर्थन करणे कठीण आहे.

१९३९ मध्ये मुदतीआधी सुटका झाल्यावर त्या काँग्रेसमध्ये गेल्या. त्या निवळल्या असे मात्र म्हणता येत नाही, कारण ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांना १९४२ ते १९४५ पुन्हा तुरुंगवास घडला. १९४६ पासून १९५१ पर्यंत त्या बंगालच्या (फाळणीनंतर पश्चिम बंगालच्या) विधानसभेच्या सदस्य होत्या. १९४७ मध्ये त्यांनी क्रांतिकारक जतीश भौमिक यांच्याशी विवाह केला आणि १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साधन बदलले, पण परकी सत्तेविषयीचे मत त्यांनी बदलल्याचे कोठे दिसत नाही.

त्यांना शस्त्र पुरवणाऱ्या कमला दासगुप्तांचा मार्गही याच दिशेने गेला. १९४६ च्या दंगलीनंतर पूर्व बंगालमधील नोआखालीत गांधीजींच्या मदतकार्यातील एक छावणी त्यांनी सांभाळली आणि नंतर स्वातंत्र्यलढ्यातील बंगाली स्त्रियांची चरित्रे लिहून काढली. बीना दास यांची माहिती शोधणाऱ्याने कमलाताईंचे ते लेखन अवश्य पाहावे.