व्हिडिओ गेमच्या जुन्या डब्यात रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) बसवून घरी खेळता येते काय?

येते ना भौ, काहून नाही. तालुक्याच्या बंद पडलेल्या पार्लरातून तुला डबा भेटला म्हणतोस, तर पहिले मागची फळी खोलून उंदरानं वायरी कुरतडल्या का ते पाहून घे, आमच्याकडे गोदामात पडलेल्या वस्तूचं तेच होते. पण आतल्या पिक्चर ट्यूबला हात लावू नको बाप्पा, लाईन बंद केली तरी तिच्यात हजारो व्होल्ट साचून राहतात, ते काम टीव्ही मेकॅनिकलेच करू दे.

आता वायरिंग. १९८५ नंतरच्या बऱ्याच डब्यांत जामा नावाचा ५६ पिनांचा कनेक्टर असते, तो असला तर रास्पबेरी पाय जोडायचं तयार बोर्ड भेटते. नसला तरी टेन्शन नाही, जॉयस्टिक अन् बटनं म्हणजे आत निसते स्विच, प्रत्येकाची एक वायर यूएसबी एन्कोडरले (बटन दाबलं का कॉम्प्युटरले सांगणारं छोटं बोर्ड) अन् दुसरी सगळ्यांच्या सामाईक ग्राउंड वायरले, झालं. जुनी ट्यूब १५ किलोहर्ट्झच्या जुन्या सिग्नलवर चालते म्हणून रास्पबेरी पायचं एचडीएमआय तिले सरळ लागत नाही, मी तर म्हणतो जुना एलसीडीच टाक, काही लोक नाक मुरडतील, मुरडू दे. सॉफ्टवेअर रेट्रोपाय फुकट आहे, त्यात मेम (पार्लरातले जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालते, ते १९९७ पासूनचं आहे, गेमच्या रॉम फाइली (मूळ गेमच्या चिपमधल्या प्रोग्रामच्या कॉप्या) मात्र कॉपीराइटवाल्या असतात हे ध्यानात ठेव.

अन् हो, आपल्याकडे लाईन कधीही जाते, अचानक बंद झालं का मेमरी कार्ड करप्ट होते, म्हणून छोटा यूपीएस लावच अन् कार्डाची एक कॉपी काढून ठेव.