पाखरांची विचारपूस: नवी बजी, जुना पिंजरा

प्रश्न: घोडबंदर रोडला आमचं वन बीएचके आहे. तीन वर्षांचा बजीचा (बजरीगर या छोट्या पोपटाचा) नर एकटा पडतो म्हणून दुकानातून मादी आणली आणि त्याच्याच पिंजऱ्यात सोडली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला दाण्यांच्या वाटीजवळ फिरकू देत नाही, पायाला चावते. तो कोपऱ्यात पिसं फुगवून बसतो. होईल का सवय? – वाचक, ठाणे

उत्तर: सवयीची वाट बघू नका, दोघांना आजच वेगळं करा. बजींमध्ये मादीच जास्त दांडगट असते. आधी त्याची बोटं तपासा. ३५ ग्रॅमच्या पाखरात रक्त जेमतेम तीन-साडेतीन मिली, त्यामुळे आठ-दहा थेंबही कमी नव्हेत. रक्त येत असेल तर कापसाने हलकेच दाबून धरा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर पक्षी बघणारा डॉक्टर गाठा.

पिंजऱ्यात मातीची मटकी टांगली आहे का? असेल तर काढा. मटकी दिसली की मादी तिला आपलं घरटं समजते आणि राखत बसते. अर्धं भांडण बहुधा तिथलंच असतं.

आता राहून गेलेली पायरी. नवं पाखरू ३० ते ४५ दिवस दुसऱ्या खोलीत ठेवायचं असतं. हे मैत्रीसाठी नाही, आजारासाठी. ती बेडरूममध्ये, तो हॉलमध्ये, मधलं दार बंद. आधी त्याचं दाणापाणी, मग तिचं, आणि मग साबणाने हात. वाट्या वेगळ्या. दोघं दोन दिवस एकत्र होतीच, म्हणून नजर दोघांवर हवी. रोज सकाळी दाण्यांआधी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा; तीन-चार ग्रॅम घटलं तर डॉक्टरकडे न्यायला थांबू नका. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, पातळ विष्ठा, चोचीच्या मुळाशी स्पंजासारखी छिद्राळ खपली (ही खरजेच्या किड्यांची) ही डॉक्टरकडे जाण्याची कारणं. जागा नाही म्हणून पिंजरा बाल्कनीत ढकलू नका, कबुतरांच्या विष्ठेतूनही संसर्ग येतो.

हे दिवस नीट गेले की दोन्ही पिंजरे एका खोलीत, सहा-सात फुटांवर. दोघं निवांत खात असतील तर रोज फूटभर जवळ आणा, शेवटी मध्ये चार बोटं जागा ठेवा. पिंजरे टेकवलेत की गजांतून बोटं चावलीच म्हणून समजा. आठवडाभराने दोघांना बाहेर सोडा: पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर चादर. जागा अशी की जिथे तो एरवी बसत नाही. टेबलावर कोथिंबिरीच्या दोन जुड्या लांब-लांब ठेवा आणि दहा मिनिटं बघा. मान वरखाली करणं, एकमेकांची पिसं विंचरणं ही चांगली चिन्हं. पिसं अंगाला चिकटवून, चोच उघडून अंगावर जाणं दिसलं की तो दिवस संपला.

एकत्र ठेवताना पिंजरा नवा घ्या. निदान जुना धुऊन दांड्यांची जागा बदला, म्हणजे तो कोणाचाच राहत नाही. लांबी किमान ३० इंच, गजांतलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. वाट्या दोन, दोन टोकांना, सारख्या उंचीवर. पहिले आठ दिवस रात्री वेगळं झोपवा. काही जोड्या जमतच नाहीत. शेजारी-शेजारी दोन पिंजरे असले तरी बजीला हाकेला ओ देणारं कोणीतरी मिळतं, तेवढ्यावर तो खूश असतो.

प्रश्न: घरात बजी आहेत. दुकानदार म्हणतो, आफ्रिकन लव्हबर्डही त्यांच्यात चालतील, दोन्ही लव्हबर्डच. – वाचक, नेरुळ

उत्तर: नावाचा घोळ आहे. आपल्या बाजारात बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. बजी ऑस्ट्रेलियाचा, खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, वजनाने जड आणि चोचीने कितीतरी ताकदवान. बजीचं बोट तो सहज तोडतो. पिंजरे वेगळे ठेवा, बाहेर सोडायच्या वेळाही वेगळ्या.

प्रश्न: येऊरच्या पायथ्याशी पोपटाचं पिल्लू सापडलं. बजीला सोबत म्हणून पाळावं का? – वाचक, ठाणे

उत्तर: नाही. आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पाळणं गुन्हा आहे. वन विभागाला १९२६ वर फोन करा. तोवर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, उबेत ठेवा. दूध देऊ नका, ते पाखरांना पचत नाही. चोचीत पाणीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं.